कार्यक्रम व्यवस्थित पार पडला

शुक्रवार, १३ डिसेंबर. छत्रपती संभाजीनगर, मध्यवर्ती बसस्थानक.

हजर: प्रभाकरराव जोशी (मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त बँक अधिकारी), सुनंदा पवार (खजिनदार, शाळेत शिक्षिका), मी वैशाली (सचिव). घ्यायला आलेले: मिलिंद साळवे. गैरहजर: प्रभाकररावांची मफलर. ती बसमध्ये राहिली आणि बस पुढे जळगावला गेली.

ज्यांना आमच्या कराडच्या वाचन मंडळाची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी आधी ती सांगते. दर डिसेंबरात आम्ही एका परगावी जातो आणि तिथल्याच एखाद्या अभ्यासकाचं जाहीर व्याख्यान त्याच्या गावात ठेवतो. सभागृह, बॅनर, शाल-श्रीफळ, सगळं आमचं. गाव आणि माणूस तिथला. चांगल्या वक्त्याला त्याच्या गावात कोणी बोलावत नाही, हा आमचा अनुभव. या प्रथेत आम्ही कधी खंड पडू दिलेला नाही. एका वर्षी ऐन वेळी सभागृहाची किल्ली सापडेना, तेव्हा शेजारच्या लग्नाच्या मांडवात, वऱ्हाड जिलेबी खात असताना, आम्ही संत साहित्यावरचं व्याख्यान पूर्ण केलं होतं. ‘कार्यक्रम झाला पाहिजे’ हे आमचं ब्रीद. ते मी दर वर्षी अहवालाच्या शेवटी लिहीत आले आहे.

यंदाचा विषय: फॅसिझम कसा ओळखावा. वक्ते: शेख सर. बिडकीनच्या मराठी शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. पूर्वी कराडला शिक्षकांच्या शिबिरात ते बोलले होते तेव्हा चहा आला, थंड झाला, परत गेला आणि कोणी उठलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा ते आधी नाही म्हणाले. पुन्हा केला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, “ताई, निवृत्तीनंतर पहिली काही वर्षं मला जयंत्यांना, शाळांच्या संमेलनांना बोलावणं असायचं. मग थांबलं. कोणी बंद केलं नाही हो, फोन यायचे थांबले. मला एकदा माझ्या गावात, माझ्या नावानं, मराठीत बोलायचंय. तेवढं जमवता येत असेल तर येतो.”

मी म्हटलं, जमवते. जमवणं हेच माझं काम.

मिलिंद हा सरांचा विद्यार्थी. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. शिफ्ट संपवून तसाच स्थानकावर आला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळे लाल. चहाच्या टपरीवर त्यानं आम्हाला विषयाचा पहिला धडा दिला, आम्ही न मागता.

“आमच्या शिफ्टच्या बसमंदी,” तो म्हणाला, “आधी जुनी गाणी लागायची. म्हातारे झोपायचे, पोरं मोबाईल बघायची. आता एक जण स्पीकर आणतो. त्याच्यावर तसली गाणी. आम्ही कोण, ते कोण, कुणाला धडा शिकवायचा, असली. गाणं लागलं की टाळ्या वाजवायच्या. आन् स्पीकरवाला गाण्याकडं नाय बघत. टाळी कोण वाजवीत नाय ते बघतो.”

“मग तू काय करतोस?” प्रभाकररावांनी विचारलं.

“मी? मी लई जोरात वाजवितो काका. माझ्या टाळीला तोड नाय. मागच्या महिन्यात ‘साळवे, तुझा जोश बघून बरं वाटलं’ म्हणला.” तो हसला. मग उरलेला चहा एका घोटात संपवला.

सभागृह क्रांती चौकाच्या बाजूला आहे. त्याचे सचिव अत्यंत सज्जन आहेत. हे मी उपरोधानं लिहीत नाही. त्यांनी आम्हाला पोहे दिले, सुनंदाला मार्गशीर्षात कांदा चालतो का हे विचारून तो वेगळा दिला. माईक, खुर्च्या, जनरेटर, सगळं दाखवलं. इतकं नीट राखलेलं सभागृह मी आमच्या भागात पाहिलेलं नाही. मग बॅनरच्या मजकुराचा कागद त्यांनी दोनदा वाचला.

“विषयाला माझी वैयक्तिक हरकत नाही,” ते म्हणाले. “मी स्वतः वाचक आहे. फक्त तो शब्द जरा...”

“कोणी हरकत घेतली आहे का?” मी विचारलं.

“छे, छे. कोणी नाही.”

“मग?”

“घेतली तर?”

सुनंदा व्यवहारी आहे. ती म्हणाली, “ताई, एका शब्दाला काय धरून बसायचं? विषय तर तोच राहणार.” मला ते पटलं. कार्यक्रम रविवारी, आज शुक्रवार, बॅनर अजून छापायचा होता. मी तिथल्या तिथे नवीन शीर्षक सुचवलं: ‘इतिहासाकडून काय शिकावे?’ सचिवांनी माझ्या हातात हात दिला. सरांना फोन करून सांगितलं तेव्हा ते हसले. “बरं आहे. रोगाचं नाव काढलंत. रोगी तोच राहील.”

औरंगपुऱ्यातल्या फ्लेक्सवाल्यानं विचारलं, “मॅडम, खाली गावाचं नाव काय टाकू? काही जण जुनं सांगतात, काही नवं. ज्यानं त्यानं सांगितलं तसं टाकतो, आपल्याला रोजी-रोटीशी मतलब.” मी नवं टाकायला सांगितलं. सरकारी नाव तेच आहे, आणि माझं कुठलंही काम सरकारी नियमानंच चालतं.

संध्याकाळी जेवण सरांकडे. घर जुन्या शहरात, ज्या वेशीच्या दरवाज्याच्या कमानीतून रिक्षा कशीबशी निघते त्याच्या अलीकडे. दारात निळे ड्रम, जिन्यात ड्रम, न्हाणीत ड्रम. रुख्साना भाभींनी स्वागत केलं ते असं: “आओ, आओ, बैठो. बाकी काहीही सांडा, फक्त पाणी सांडू नका. कल आया था, अब अल्ला जाने कब आयेगा.” कराडला दोन नद्या मिळतात आणि आम्ही नळाच्या पाण्याच्या चवीबद्दल तक्रार करतो, याची मला तिथं लाज वाटली.

नान-खलियाबद्दल मी ऐकून होते. भट्टीतून आणलेली मोठी, पिवळसर नान, आणि खलिया म्हणजे मटणाचा पातळ, हळदी रंगाचा, तवंग असलेला रस्सा. आमच्या तांबड्या रश्शासारखा तो अंगावर येत नाही. तो हळू येतो आणि राहतो. सुनंदासाठी भाभींनी बघारे बैंगन आणि ज्वारीची भाकरी केली होती, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. “मार्गशीर्ष है ना,” त्या म्हणाल्या. “आमच्या शेजारी कुलकर्णीबाई होत्या. तीस वर्षं त्यांचे उपास मला तोंडपाठ होते. आता त्या सिडकोकडं गेल्या. फोन येतो, ईदला येतो. घर मात्र विकलं.”

प्रभाकररावांना चर्चा केल्याशिवाय अन्न पचत नाही. ते म्हणाले, “सर, एक विचारू? निवडणुका होतात, कोर्टं आहेत, मी रोज सकाळी पेपर वाचून वाटेल त्याला शिव्या घालतो. याला तो शब्द वापरणं जरा अति नाही का?”

“अति आहे,” सर म्हणाले. “म्हणून तर मी ‘आला’ असं म्हणत नाही. ओळखायचा कसा, एवढंच म्हणतो. गोवर पुरळ उठल्यावर कोणालाही ओळखता येतो, जोशीसाहेब. पण पुरळ उठेपर्यंत तो घरात सगळ्यांना लागलेला असतो.”

मग त्यांनी आजोबांची हकीकत सांगितली. निजामाच्या शेवटच्या दिवसांत गणवेशातली, बंदुका घेतलेली माणसं पैठणकडच्या त्यांच्या गावात आली. हिंदूंची घरं लुटली, हे सगळ्यांना माहीत आहे. “पण त्याच्या आधी ते आमच्या घरी आले. आजोबांना म्हणाले, तू आमचा ना? मग दाखव, कुठल्या घरात काय आहे. आजोबा रात्रीतून पळाले आणि तुरीच्या रानात लपले. आपल्याच लोकांपासून. पुढं निजाम गेला. मग दुसरी माणसं आली. त्यांनी विचारलं, तू त्यांचा ना? प्रश्न तोच, ताई. विचारणारे बदलले. जो कोणी हा प्रश्न विचारायला लागतो त्याच्यापासून सावध राहावं, मग झेंडा कुठला का असेना.”

आणीबाणीत सर स्वतः शाळेत शिकत होते. त्यांचे गुरुजी रोज फळ्यावर एक सुविचार लिहायचे. त्या काळात ते रोज एकच लिहायला लागले: वेळेवर यावे. “त्यांना कोणी सांगितलं नव्हतं,” सर म्हणाले. “भाषण मी तिथूनच सुरू करणार आहे. हुकूम यायच्या आधी पाळला जातो, तिथून.”

मग जर्मनीचं. तिथे गाणाऱ्यांची मंडळं होती, डोंगर चढणाऱ्यांची होती, बुद्धिबळवाल्यांची होती. नवीन सरकार आलं आणि त्यातल्या कित्येक मंडळांनी, कुठलाही कायदा त्यांना सांगत नसताना, आपले ज्यू सभासद कमी केले. आभार मानून, आदरानं, मंडळाला त्रास नको म्हणून. “पोलीस नव्हते हो ते. मंडळाचे सचिव होते. वक्तशीर, कामसू, चांगली माणसं. गाण्याचा कार्यक्रम त्यांना पार पाडायचा होता. हा भाग माझ्या भाषणाचा कणा आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.”

मी मान डोलावली. फार महत्त्वाचा मुद्दा वाटला. सुनंदाला म्हटलंसुद्धा, की हे अहवालात सविस्तर घ्यायचं.

निघताना मी सहज विचारलं, सर, तुम्ही गावाचं कोणतं नाव घेता? “मी ‘शहर’ म्हणतो,” ते म्हणाले. “नव्या नावाशी माझं भांडण नाही. ज्या राजाचं ते नाव आहे त्याच्याबद्दल मी वर्गात आदरानं शिकवलंय, पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण आता मी ते नाव घेतलं की लोक ऐकत नाहीत. माझ्या तोंडाकडं बघतात, कसं घेतो ते.”

शनिवार, १४ डिसेंबर. अजिंठा, फर्दापूर.

सकाळी जीप. सर सोबत, मिलिंद पुढे झोपलेला. सिल्लोडपर्यंत रस्त्याकडेला कापूस वेचणाऱ्या बायका, तुरीची पिवळी फुलं, धुक्यात निम्मे बुडालेले खांब. आमच्याकडे या दिवसांत ऊसतोड असते आणि सगळ्या रस्त्याला गुळाचा वास असतो. इथे हवेला काहीच वास नव्हता, नुसती कोरडी थंडी.

लेण्यांत चप्पल बाहेर काढावी लागते. एका लेण्यातून बाहेर आल्यावर सुनंदाची चप्पल गेली होती आणि तिच्या जागी कोणाची तरी दुप्पट मापाची राहिली होती. उरलेला सगळा डोंगर ती त्या चपला ओढत चढली. प्रभाकरराव म्हणाले, “खजिनदारबाई, हिशेबात नफा झालाय, तक्रार कसली?”

सर दर वर्षी इथे शाळेची सहल आणायचे. अंधारात चित्रं दिसायला डोळ्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ पोरं गप्प राहावीत म्हणून ते त्यांना एक काम द्यायचे. दरबाराच्या चित्रासमोर उभं करायचं आणि सांगायचं: राजाकडे कोण बघतंय आणि एकमेकांकडे कोण बघतंय, शोधा. आम्हीही शोधलं. एक दासी दुसरीकडे बघत होती, एक जण स्वतःच्याच विचारात होता, कोपऱ्यात दोघांची कुजबुज चालली होती. राजाकडे फार थोडे बघत होते. “म्हणून मला हे चित्र आवडतं,” सर म्हणाले. त्या संपूर्ण प्रवासात मी त्यांना खुश पाहिलं ते तिथे.

जेवायला फर्दापूरला थांबलो. शेवभाजी, भाकरी, ठेचा. सर हात धुऊन समोरच्या गाड्यावर स्फटिकाचे दगड बघत होते. विकणारा त्यांच्या ओळखीचा निघाला आणि दोघांचं दखनी उर्दूत चाललं होतं. तेवढ्यात सभागृहाच्या सचिवांचा फोन आला.

बॅनर सुंदर झालाय, म्हणाले. पण आज दोघंतिघं सहज विचारून गेले, वक्ते कोण म्हणून.

“त्यांनी काही म्हटलं का?”

“काहीच नाही. नाव वाचलं आणि गेले. म्हणूनच म्हणतो. नावाऐवजी ‘ज्येष्ठ अभ्यासक’ असं टाकलं तर? बोलतील तेच.”

मी विचार केला. खरं सांगायचं तर फार केला नाही. फ्लेक्सवाला पाचपर्यंत उघडा असतो, हा विचार आधी आला. मी म्हटलं, “ठीक आहे. फक्त अक्षराचा आकार कमी करू नका.” फोन ठेवला आणि वळले तर सर हातात एक जांभळा दगड घेऊन मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“सर, फक्त बॅनरवर,” मी म्हटलं. “सूत्रसंचालनात मी तुमचं नाव मोठ्यानं घेणार.”

“असू दे,” ते म्हणाले. “कार्यक्रम झाला पाहिजे.”

मिलिंदनं जेवण अर्धवट टाकलं. “सर, बसमधल्या माझ्या टाळीवर तुम्ही शाळेत असता तर पट्टी मारली असती. इथं ताईंनी तुमचं नाव काढलं, त्याला काय मारायचं ते तुम्हीच सांगा.” सर त्याला म्हणाले, गप जेव. परतीच्या वाटेवर सगळेच झोपले, किंवा झोपलोय असं दाखवलं.

रविवार, १५ डिसेंबर. सभागृह.

सकाळी सचिव स्वतः लॉजवर आले. सोबत इमरतीचा पुडा, जिलेबीसारखी इकडची मिठाई. बसले, चहा घेतला, कराडच्या साखर कारखान्यांची चौकशी केली. मग म्हणाले, “एक सुचवू? वक्ता बाहेरगावचा असला की कोणाला काही म्हणायला जागा राहत नाही. जोशीसाहेब बोलू देत. सर पहिल्या रांगेत बसतील. प्रश्नोत्तरांत त्यांनी हवं तेवढं बोलावं, तिथे कोण अडवणार आहे?”

“पण जोशीसाहेबांचा हा विषय नाही,” सुनंदा म्हणाली.

“सरांनी लिहून आणलं असेलच.”

त्यांनी लिहून आणलं होतं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, जसं मास्तर लिहितात.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल की इथे आम्ही उठून उभं राहायला हवं होतं. मलाही आता तसं वाटतं. त्या वेळी काय वाटलं तेवढं मी सांगू शकते: सभागृह दुपारी चारपासून सातपर्यंत आमचं होतं, निमंत्रणं गेली होती, खुर्च्या लागल्या होत्या, आणि सज्जन माणूस समोर बसून इमरती खायचा आग्रह करत होता. कोणी धमकी दिली असती तर आम्ही भांडलो असतो. प्रभाकरराव बँकेच्या संपात तुरुंगात जाऊन आलेले आहेत. पण धमकी नव्हतीच. अडचण होती, आणि अडचणीतून वाट काढणं आम्हाला येतं. मी सगळ्यांना मेसेज पाठवला: ‘कार्यक्रमात थोडा बदल. मनोगत वाचन: श्री. प्रभाकर जोशी. शेख सर प्रश्नोत्तरांत सहभागी होतील.’ फ्लेक्सवाल्यानं तिसऱ्यांदा बॅनर छापताना विचारलं, “मॅडम, अजून काही काढायचं राहिलंय का? एकदाच सांगा.”

सर आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, बंद गळ्याचा जुना कोट. मागे भाभी. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढले आणि प्रभाकररावांना दिले. “चौथ्या पानावर शाई थोडी फिसकटलीय,” एवढंच म्हणाले.

सभागृह भरलं होतं. प्रभाकररावांचा आवाज चांगला आहे आणि त्यांनी मन लावून वाचलं. फळ्यावरच्या ‘वेळेवर यावे’ला हशा आला, मग हळूहळू शांतता. आजोबांच्या तुरीच्या रानाशी ते आले तेव्हा ‘माझे आजोबा’ या शब्दाला अडखळले, आणि ‘एका गृहस्थांचे आजोबा’ असं वाचून पुढे गेले. सर पहिल्या रांगेत बसून ओठ हलवत होते. त्यांना सगळं पाठ होतं.

मग जर्मनीतली मंडळं आली. गाणाऱ्यांची, डोंगर चढणाऱ्यांची. प्रभाकररावांनी पहिलं वाक्य वाचलं. चष्मा वर केला. समोर, सरांच्या शेजारच्याच खुर्चीत, सभागृहाचे सचिव हात जोडून ऐकत होते. प्रभाकररावांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी मंचाच्या कडेला, माईकच्या बाजूला. त्यांनी काय विचारलं ते मला समजलं. मी खाली घड्याळाकडे पाहिलं.

त्यांनी पान उलटलं.

सरांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग थांबले. त्यांनी वळून कोणाकडे बघितलं नाही. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, बऱ्याच झाल्या. नंतर एक कविसंमेलन होतं आणि त्यांची मंडळी दारात उभी होती, म्हणून प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. शाल-श्रीफळ वक्त्याला देतात. ते प्रभाकररावांच्या अंगावर गेलं. सचिवांनी आभार मानताना आमच्या शिस्तीचं कौतुक केलं. असे आयोजक सगळीकडे हवेत, असं ते म्हणाले.

बाहेर प्रभाकररावांनी शाल काढून सरांच्या खांद्यावर घालायचा प्रयत्न केला. बाहेर गार वारा होता. “सर, ही तुमची आहे. मी तिथं वाचायला नको होतं. ते पान... मला सभागृहाच्या सचिवांना समोर बसवून ते वाचवेना हो. त्यांना वाईट वाटलं असतं.”

“तुम्हाला थंडी वाजतेय,” सरांनी शाल परत त्यांच्याच खांद्यावर नीट केली. “मफलर पण हरवलीय तुमची.”

“जोशीसाहब की आवाज़ बहुत अच्छी है,” भाभी म्हणाल्या. “मैं तो आँखें बंद करके सुनी. ऐसा लगा कोई बड़ा आदमी बोल रा है.” मग माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच हिंदीचा एकही शब्द न मिसळता मराठीत म्हणाल्या, “ताई, चार दिवस यांनी घरात फेऱ्या मारत पाठ केलं. आमच्या पाण्याच्या ड्रमांना सगळं भाषण येतं.”

मिलिंद गेटपाशी उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या की नाही ते मी पाहिलं नव्हतं. त्यानं निरोप घेतला नाही. त्याची बस आली आणि तो चढला.

मी सरांना म्हटलं, मी सभागृहाला पत्र लिहीन, निषेध नोंदवीन, पुढच्या वेळी...

“निषेध नको,” सर म्हणाले. रागावून नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलीनं चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर बोलतात तसे. “त्यांनी काय केलंय? त्यांनी विचारलं. मला एकच द्या. ‘शेखांनी बोलू नये’ अशी एक ओळ, कोणाच्या तरी सहीची. मी इतिहासाचा माणूस आहे. उद्या कोणी विचारलं, तुम्हाला कोणी अडवलं होतं का, तर माझ्याकडं काय आहे? सरकारी कागद नाही. कोणाची धमकी नाही. सगळे म्हणतील, छे, सर बसले होते की पहिल्या रांगेत.”

“अशी ओळ कोण लिहून देईल, सर?”

“ते तुम्ही बघा. जमवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.”

मग दोघं रिक्षात बसले. कमानीकडे जाणारी रिक्षा मिळायला थोडा वेळ लागला होता. दोघा चालकांनी तो भाग ऐकून नाही म्हटलं होतं.

बुधवार, १८ डिसेंबर. कराड.

परत येऊन दोन दिवस झाले. झालेली कामं: खर्चाचा तपशील सुनंदाला दिला. फोटो ग्रुपवर टाकले; त्यांत सर एका फोटोत आहेत, बाजूनं, कान आणि कोटाची कॉलर. जळगाव आगारात मफलरची चौकशी केली, मिळाली नाही. प्रभाकररावांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मी त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं आणि ते थांबले. ते सारखे थांबतात. आम्ही सगळेच. सभागृहाच्या सचिवांचं आभाराचं पत्र आलं, पुढच्या वर्षी पुन्हा यावं म्हणून, आणि त्याला मी पोच दिली.

अहवालाला तीन ओळी लागतील. दर वर्षी तो मी एव्हाना पाठवून मोकळी झालेली असते.

सरांनी मागितलेली ओळ राहिली आहे. मी दोन दिवस विचार केला की ती कोणाकडून मिळवावी. सभागृहाच्या सचिवांनी ‘शेखांनी बोलू नये’ असं कधीच म्हटलेलं नाही. ते प्रत्येक वेळी फक्त सुचवत होते. जे नाव वाचून गेले ते कोण होते, होते तरी का, मला माहीत नाही. फ्लेक्सवाल्यानं सांगितलं तसं छापलं. फोनवर हो म्हणणारी, मेसेज टाकणारी, घड्याळाकडे बघणारी मी आहे. ती ओळ कोणी लिहू शकत असेल तर मीच, मंडळाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. तारखा मला ठाऊक आहेत, पत्ता आहे, पोस्ट ऑफिस घराजवळ आहे.

काल संध्याकाळी कागद घेतला. प्रति, सन्माननीय शेख सर. विषय लिहिला. मग स्वयंपाकाला उठले. आज सकाळी पुन्हा बसले आणि गॅसवाला आला. आता दुपार झाली आहे. कागद तिथेच आहे, त्यावर विषय आहे, खाली काही नाही.